हँडहेल्ड घ्यावा का? आधी पंधरा दिवस वही लिहा

माझ्या कपाटात २०२० साली घेतलेला एक हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा, गेमिंग कन्सोल पडून आहे. त्यावर मी आजवर एकूण अकरा तास खेळले. हा आकडा अंदाजाचा नाही. यंत्र स्वतःच हिशोब ठेवतं आणि विचारलं की बेशरमपणे सांगतं. चार वर्षांनी दुसरा घेतला, तो मात्र रोज हातात असतो. बोटं लागून लागून त्याची पाठ गुळगुळीत झाली आहे. पहिला घेताना मी चाळीसेक व्हिडिओ बघितले होते. दुसरा घेताना पंधरा दिवस वही लिहिली.

ज्यांनी कधी कन्सोल घेतलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. लहानपणी जत्रेतला दोन सेलवर चालणारा ब्रिक गेम खेळला असाल, मे महिन्याच्या सुट्टीत कुणाच्या तरी घरी टीव्हीला जोडलेल्या व्हिडिओ गेमवर मारिओला उड्या मारायला लावल्या असतील, तर एवढी पूर्वतयारी पुरे.

पहिली पायरी: वही

साधी वही घ्या किंवा फोनमधलं नोट्सचं ॲप. पंधरा दिवस रोज झोपण्याआधी तीन गोष्टी लिहा. रिकामा वेळ कधी मिळाला, किती मिनिटं मिळाला, आणि तेव्हा तुम्ही कुठे नि कसे बसला होता. तिसरी गोष्ट लिहायचा लोक कंटाळा करतात. तीच चुकवू नका.

माझं उदाहरण देते. कोथरूड ते हिंजवडी कंपनीच्या बसमध्ये मला जाऊन-येऊन अडीच तास मिळतात. पहिला हँडहेल्ड मी याच अडीच तासांच्या भरवशावर घेतला होता. वहीत तिसऱ्या दिवशी लिहिलंय: "बसमध्ये मान खाली घालून मेल वाचली, वाकडच्या आधीच मळमळायला लागलं." म्हणजे ज्या वेळेवर मी पैसे लावले होते, तो माझ्यासाठी वेळच नव्हता. मग उरलं काय? रात्री साडेआठ ते दहा टीव्ही सासूबाईंचा, त्यांच्या मालिका ठरलेल्या. लेक साडेनऊला झोपते. साडेनऊ ते सव्वादहा मी बेडरूममध्ये, दिवा मालवून, भिंतीला उशी लावून बसलेली. शिवाय रविवारी कुकर लावल्यावरची वीस मिनिटं, आणि लेकीच्या पोहण्याच्या क्लासबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत काढलेली चाळीस. आठवड्याची बेरीज फार तर सहा-सव्वासहा तास. पण पाऊण तासापेक्षा मोठा तुकडा एकही नाही, आणि प्रत्येक तुकडा मध्येच मोडण्याची शक्यता.

ही वही तुम्हाला कुठल्याही परीक्षणापेक्षा जास्त सांगेल. वेळ लॅपटॉपसमोर सलग दोन-दोन तासांचा निघाला, तर हँडहेल्ड नको. दोन-तीन हजारांचा चांगला कंट्रोलर (हातात धरायचं बटणांचं यंत्र) घ्या आणि लॅपटॉपवरच खेळा. घरचा टीव्ही संध्याकाळी मोकळा असतो आणि तुम्हाला सोफ्यावर पसरायला आवडतं, तर टीव्हीचा कन्सोल बघा. लोकलचा प्रवास लिहिला असेल, तर बसायला मिळतं की नाही हेही लिहा. विरार फास्टमध्ये एका हाताने कडी धरून उभं राहणाऱ्याने हँडहेल्डचं नावही काढू नये. आणि पंधरा दिवसांत मिळून चार तासही भरले नाहीत, तर माझं स्पष्ट मत: घेऊ नका. तो वेळ झोपेला द्या.

वहीमुळे मला आणखी एक गोष्ट उमगली. माझ्यासारख्या तुकड्या-तुकड्यांत जगणाऱ्या माणसासाठी हँडहेल्डवरचं सगळ्यात महत्त्वाचं बटण पॉवरचं. गेम ऐन रंगात असताना ते एकदा दाबलं की यंत्र झोपलं पाहिजे, आणि दोन दिवसांनी दाबलं की त्याच क्षणी, उडी हवेत असेल तर हवेतच, जागं झालं पाहिजे. एका रात्री राक्षसाला शेवटचे दोन टोले द्यायचे बाकी असताना लेक रडत उठली. बटण दाबलं, उशीखाली सरकवलं. सासूबाई दारातून म्हणाल्या, "अगं, बंद पडलं की काय?" म्हटलं, "नाही आई, झोपवलंय." एकाच वेळी दोघींना झोपवायचं होतं, त्यातली एक लगेच झोपली. राक्षस मंगळवारी मेला.

दुसरी पायरी: आहे त्यात खेळून बघा

फोन तुमच्याकडे आहेच. दोन्ही बाजूंनी फोनला धरणारे, मध्ये ताणले जाणारे कंट्रोलर मिळतात. मित्राकडून मागून आणा, नाही तर स्वस्तातला घ्या. घरी गेम चालवणारा कॉम्प्युटर असेल, तर फोनवर 'स्टीम लिंक' हे फुकट ॲप टाका. गेम कॉम्प्युटरवर चालतो, चित्र वायफायने फोनवर येतं. महिनाभर असं खेळा. हातात धरून, छोट्या पडद्यावर, अर्ध्या तासाच्या तुकड्यांत खेळणं आपल्याला मानवतं का, हे जवळजवळ फुकटात कळतं. काहींना पहिल्या आठवड्यातच कळतं की गेम खेळण्यापेक्षा गेमबद्दलचे व्हिडिओ बघण्यातच आपला जीव रमतो. त्यात काही वाईट नाही, आणि त्याला साठ-सत्तर हजार लागत नाहीत.

तिसरी पायरी: जात ओळखा

दुकानात सगळे हँडहेल्ड सारखेच दिसतात. मध्ये पडदा, दोन बाजूंना स्टिका आणि बटणं. पण पोटात चार अगदी वेगळ्या गोष्टी असतात आणि नवखा माणूस फसतो तो इथेच.

पहिला निंटेंडोचा स्विच. २०१७ च्या मार्चमध्ये आला, २०१९ ला त्याचा धाकटा भाऊ लाइट, २०२१ ला सात इंची ओलेड (जास्त उठावदार रंगांच्या) पडद्याचा, आणि ५ जून २०२५ ला स्विच २. निंटेंडोचे स्वतःचे गेम, म्हणजे मारिओ, झेल्डा, पोकेमॉन, फक्त इथेच. टीव्हीला जोडता येतो (लाइट सोडून), सुटे कंट्रोलर काढून दोघं खेळू शकतात (इथेही लाइट सोडूनच), आणि झोप-जाग अगदी चोख. अडचण एकच, पण मोठी: निंटेंडो अधिकृतपणे भारतात विकत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर.

दुसरा स्टीम डेक. व्हॉल्व्ह कंपनीने २०२२ च्या फेब्रुवारीत आणला, ओलेडवाला २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये. हा खरं तर छोटा कॉम्प्युटरच, विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीवर उभ्या असलेल्या स्टीमओएसवर चालणारा. स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्हच्याच ऑनलाइन गेमच्या दुकानात, घेतलेले तुमचे जुने गेम यावर फुकटात हजर होतात, फक्त सगळे चालत नाहीत. प्रत्येक गेमच्या पानावर तो डेकवर कसा चालतो याची खूण असते. हिरवी बरोबरची खूण दिसली की निर्धास्त घ्या. ऑनलाइन गेममधल्या लबाडी रोखणाऱ्या (अँटी-चीट) यंत्रणा मात्र लिनक्सशी फटकून वागतात. व्हॅलोरंट चालत नाही, फोर्टनाइट चालत नाही, ईए एफसी या फुटबॉलच्या गेमचे अलीकडचे भागही नाहीत. कोल्हापूरच्या एका मित्राला मी हे वेळेत सांगितलं, म्हणून आमची मैत्री टिकली. त्याला फक्त फुटबॉलच खेळायचा होता. डेकही भारतात अधिकृतपणे मिळत नाही.

तिसरे विंडोजवाले. आसुसचा रॉग अलाय २०२३ च्या जुलैमध्ये भारतात आला तेव्हा ६९,९९० रुपयांना होता. लेनोवोचा लीजन गो, एमएसआयचा क्लॉ हेही याच घराण्यातले. इथे बिल मिळतं, वॉरंटी मिळते, सर्व्हिस सेंटर असतं. विंडोज असल्यामुळे जवळजवळ सगळेच गेम चालतात. पण विंडोज म्हणजे विंडोजच. खेळायला बसावं तर अपडेट, सात इंची पडद्यावर बोटाने दाबायची ती एवढीशी फुली, आणि झोपवलेलं यंत्र बॅगेत आपोआप जागं होऊन तापलेलं सापडणं. ज्याला सेटिंगशी खटपट करण्यातच मजा येते, त्याने खुशाल घ्यावा. दमूनभागून रात्री पाऊण तास खेळणाऱ्याने दोनदा विचार करावा.

चौथे स्वस्तातले रेट्रो. चीनमध्ये तयार होणारे अँबरनिक, मियू, रेट्रॉइड अशा नावांचे. साडेतीन-चार इंची पडदा, खिशात मावतात, जुन्या काळचे गेम चालवतात. विकताना अनेकदा आत हजारो गेम भरलेलं मेमरी कार्ड देतात. हे म्हणजे आपल्या जत्रेतल्या '९९९९ इन १' चंच नवं रूप. त्यातले बहुतेक गेम परवानगीशिवाय कॉपी केलेले असतात, कायद्यात बसत नाहीत. ते कार्डही हलक्या दर्जाचं असतं आणि सगळ्यात आधी तेच मरतं. यंत्र मात्र गोंडस असतं, खोटं कशाला बोलू. जुन्या यंत्रांसाठी आजही हौशी लोक नवे गेम लिहितात आणि रीतसर विकतात किंवा फुकट देतात, त्यांच्यासाठी घ्यायला हरकत नाही.

आणि एक पाचवं, जे हँडहेल्ड दिसतं पण तसं नाही: प्लेस्टेशन पोर्टल. भारतात २०२४ च्या सप्टेंबरमध्ये १८,९९० रुपयांना आलं. इतरांच्या मानाने किंमत कमी बघून लोक हुरळतात. पण त्याच्यावर गेम साठवून खेळता येत नाहीत. घरच्या पीएस ५ वर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशन ५ कन्सोलवर, चाललेला गेम ते वायफायने आणून दाखवतं. पीएस ५ असेल आणि टीव्हीवर मालिका असेल, तर त्याच्यासारखी सोय नाही. पीएस ५ नसेल, तर हात लावू नका.

चौथी पायरी: बॅटरीचं गणित स्वतः करा

१९८९ साली निंटेंडोचा गेम बॉय आला तेव्हा त्याचा पडदा शेवाळी रंगाचा होता, मागून उजेड नव्हता. पुढच्या वर्षी सेगाने गेम गिअर आणला, रंगीत आणि उजळ. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर सहज दहा-पंधरा तास काढायचा, गेम गिअर सहा सेल तीन ते पाच तासांत फस्त करायचा. बाजार कुणी मारला ते आपण जाणतोच. गेम बॉयचे कर्ते गुनपेई योकोई यांचं तत्त्वच होतं की जुनं, स्वस्त झालेलं, पुरतं ओळखीचं तंत्रज्ञान घ्यावं आणि त्यातून वेगळं काहीतरी काढावं.

आजही तीच ओढाताण आहे. जाहिरातीत 'आठ तासांपर्यंत' असं लिहितात, त्यातल्या 'पर्यंत'वर जाऊ नका. बॅटरी किती वॉट-अवरची आहे ते बघा आणि यंत्र किती वॉट खातं त्याने भागा. मूळ स्टीम डेक आणि मूळ रॉग अलाय, दोन्हींची बॅटरी ४० वॉट-अवरची. पत्त्यांचा साधा गेम आठ वॉट खात असेल, तर पाच तास. मोठा, चकचकीत, तलवारबाजीचा गेम वीस-बावीस वॉट ओढत असेल, तर दोन तासांच्या आत कारभार आटोपला. ओलेड डेकची बॅटरी ५० ची, अलायच्या पुढच्या मॉडेलची, अलाय एक्सची, तर ८०.

पॉवरबँकचाही असाच हिशोब करा. २०,००० एमएएचला ३.७ व्होल्टने गुणलं की ७४ वॉट-अवर. वाटेत गळती होऊन हातात पन्नासेक येतात, म्हणजे डेक एकदा पूर्ण आणि वर थोडा. पण पॉवरबँक पीडीची (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जलद चार्जिंगची) आणि निदान ४५ वॉट देणारी हवी. फोनसाठी घेतलेली १८ वॉटची जोडून मोठा गेम खेळलात, तर चार्जिंगचं चिन्ह दिसत राहील आणि टक्के उतरत राहतील. विमानात पॉवरबँक केबिनच्या बॅगेतच ठेवावी लागते. रेल्वेत मात्र रात्री उशिरा चार्जिंगचे पॉइंट बंद असलेले मी अनुभवले आहेत, तेव्हा नागपूरची गाडी पकडण्याआधी घरूनच भरून निघा.

एक युक्ती सांगते, नवख्यांना सहसा कुणी सांगत नाही. डेकवर गेमचा वेग सेकंदाला ४० चित्रांवर आणता येतो. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद, ३० म्हणजे ३३.३. यांचा बरोब्बर मध्य २५, आणि २५ मिलिसेकंद म्हणजेच सेकंदाला ४० चित्रं. म्हणून ४० ला हातात गेम ३० पेक्षा पुष्कळ मऊ लागतो आणि बॅटरी ६० इतकी जळत नाही. मी मोठे गेम सगळे ४० वरच खेळते.

पाचवी पायरी: विकत घेणं

स्विच आणि डेक आपल्याकडे मिळतात ते ग्रे मार्केटमधून, म्हणजे कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला माल विकणाऱ्यांकडून. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चक्कर मारलीत किंवा ऑनलाइन शोधलंत, तर मिळून जातील. भाव महिन्यागणिक हलतो, दुकानागणिक तर हलतोच. 'वॉरंटी' म्हणून जे सांगतात ती दुकानदाराची असते, कंपनीची नव्हे. म्हणून तीन महिन्यांची का असेना, बिलावर लिहून घ्या. परदेशातून कुणी येत असेल आणि आणून देत असेल, तर कस्टम्सची शुल्कमुक्त मर्यादा तेव्हा किती आहे ते आधी बघा. भावाच्या बॅगेतून आपला कन्सोल आणि वहिनीच्या बॅगेतून आपला चार्जर, असले प्रकार नकोत. जपानहून कुणी स्विच २ आणत असेल, तर नीट विचारा. तिथे फक्त जपानी भाषेचं स्वस्त मॉडेलही विकतात.

निंटेंडोच्या ऑनलाइन दुकानात, ई-शॉपमध्ये, भारताचा पर्याय नाही. लोक खात्याचा देश दुसरा ठेवतात आणि त्या देशाचं गिफ्ट कार्ड घेऊन गेम विकत घेतात. मला स्वतःला कार्ट्रिज, म्हणजे गेम भरलेलं छोटं कार्ड, बरं वाटतं. स्विचच्या कार्ट्रिजवर देशाची अट नाही, आणि खेळून झालं की विकता येतं. चार हजारांचा गेम अडीच-तीन हजारांना गेला, तर हजार-दीड हजारात महिन्याची करमणूक झाली. स्विच २ च्या काही डब्यांत मात्र कार्ट्रिज फक्त किल्लीचं काम करतं, गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो. डब्यावर तसं लिहिलेलं असतं, वाचून घ्या. आणि हो, लहान मुलांनी गिळू नये म्हणून स्विचच्या कार्ट्रिजवर अतिशय कडू लेप असतो. खरं आहे की नाही ते बघायला मी जिभेला लावून बघितलं. कारलं बरं.

स्टीमवर भाव रुपयांत असतो, यूपीआय चालतं. वर्षातून तीन-चार मोठे सेल लागतात. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल, तर गेम परत करता येतो. हा नियम नवख्यांनी बिनदिक्कत वापरावा, लाजू नये.

जुना घेत असाल, तर दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी निदान अर्धा तास बसा. मी पहिल्या वेळी पाच मिनिटांत उरकलं. दुकानदार गोड बोलला, यंत्र चकाचक पुसलेलं होतं. घरी आणून ई-शॉप उघडायला गेले, तर उघडेना. आधीच्या मालकाने त्यात छेडछाड केलेली, म्हणून निंटेंडोने ते यंत्र ऑनलाइनसाठी कायमचं बंद केलेलं. दुकानदार म्हणाला, "ताई, कार्ट्रिज चालतंय ना? मग झालं." माझ्या अकरा तासांमागे बसमधल्या मळमळीइतकाच याचाही हात आहे.

तेव्हा आधी तुमच्या फोनचा हॉटस्पॉट लावून ई-शॉप उघडतं का ते बघा. मग सेटिंगमध्ये स्टिक तपासायचा पडदा उघडा. दोन्ही स्टिका हात न लावता सोडून द्या. मधला ठिपका जागचा हलला, थरथरला, एकीकडे सरकला, तर समजा 'ड्रिफ्ट' लागलाय, म्हणजे गेममध्ये तुमचा माणूस आपोआप चालायला लागणार. साध्या स्टिकेच्या आत एक पट्टी घासत असते, ती झिजली की हे होतं. 'हॉल इफेक्ट' असं लिहिलेल्या स्टिकांमध्ये चुंबक असतो, घासणं नाही, म्हणून त्या जास्त टिकतात. स्टिक बदलून मिळते, मोबाइल दुरुस्तीचे हुशार कारागीर करतात, पण मग भाव तेवढा पाडून घ्या. यानंतर यंत्र सपाट टेबलावर ठेवा. डोललं किंवा पडदा कडेने उचललेला वाटला, तर बॅटरी फुगली आहे. उठा आणि निघा. चार्जरची पिन हळूच हलवून चार्जिंग तुटतं का बघा, एखादा जड गेम दहा मिनिटं लावून पंखा ऐका, झोपवून जागं करून बघा, आणि आधीच्या मालकाचं खातं आपल्यासमोर काढून टाकायला लावा.

कार्डाबद्दल दोन वाक्यं. स्विच २ ला फक्त मायक्रोएसडी एक्स्प्रेस लागतं, जुनं साधं कार्ड गेमसाठी चालत नाही. आणि ५१२ जीबीचं कार्ड अविश्वसनीय स्वस्त मिळालं, तर ते अविश्वसनीयच असतं. कॉम्प्युटरला लावून पूर्ण भरून बघा, मग विश्वास ठेवा.

सहावी पायरी: पहिला आठवडा

यंत्र आलं की त्या दिवशी खेळू नका. अपडेट लावा, पडद्यावर काच चिकटवा, नीट केस घ्या (डेकला येतेच) आणि चार्जिंगला लावून झोपा. उत्साहात पहिल्याच रात्री बसलात, तर पहिली आठवण तासभर फिरणाऱ्या गोल चक्राची राहील.

दुसऱ्या दिवशी एकच गेम टाका. हे मी हात जोडून सांगते. सेलमध्ये तीस गेम घ्यायचे आणि रोज रात्री पाऊण तासातली वीस मिनिटं 'आज काय खेळू' यात घालवायची, हा रोग सगळ्यांना होतो. माझा नियम असा: यंत्रात एका वेळी एक लांबलचक गेम आणि एक पाच मिनिटांचा. तिसरा आत आला की एक बाहेर.

पाच मिनिटांच्यासाठी 'बॅलाट्रो' (२०२४) घ्या. पत्त्यांचा आहे, पोकर येत नसलं तरी तासाभरात कळतं. फक्त 'आणखी एक डाव' म्हणता म्हणता दीड वाजतो, एवढं सांभाळा. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' खेळायला एक अंगठा पुरतो. लांबसाठी 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६): आजोबांचं पडीक शेत, पेरणी, पाणी, कोंबड्या, गावातली माणसं. सगळा गेम एकाच माणसाने तयार केला. यातला एक दिवस पंधरा मिनिटांच्या आत संपतो, म्हणून पाऊण तासात तीन दिवसांची शेती होते. माझी सासू हा गेम मागून बघते आणि मी कोबी चुकीच्या ऋतूत लावला की सांगते. मारामारी हवी, तर 'हेडीझ' (२०२०). त्यात मरणं हाच कथेचा भाग आहे, त्यामुळे हरल्याचं वाईट वाटत नाही.

आणि 'राजी' खेळा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० चा. राजी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, असुरांपासून सोडवायला निघते. दगडी महालाच्या भिंतींवर बाहुल्यांच्या सावल्यांतून कथा उलगडते, दुर्गा आणि विष्णू वरून बोलत असतात. लढाई कधीकधी ताठर वाटते, ते मान्य. पण झरोके, जाळ्या, कमळांचे हौद अशा ओळखीच्या जागेत उड्या मारायचं सुख दुसरीकडे मिळत नाही. गंमत म्हणजे पुण्यात घडलेला हा गेम सगळ्यात आधी आला तो स्विचवर, जो पुण्यात अधिकृतपणे मिळतच नाही.

चाळिशी लागलेल्यांनी एक लक्षात ठेवा: मोठ्या पडद्यासाठी केलेल्या गेममधली अक्षरं सात इंचांवर मुंगीएवढी होतात. गेमच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करता येतात का ते परतीची मुदत संपायच्या आत बघा. डेकवर स्टीमचं बटण धरून एल१ दाबलं की भिंग येतं. आणि पहिल्यांदा खेळताना 'सोपं' निवडायला अजिबात लाजू नका. तिथे परीक्षक बसलेला नाही.

हात, मान आणि पावसाळा

स्विच ओलेड सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, डेक ६४० ते ६६९, तर कंट्रोलरसकट लीजन गो ८५४. आठशे ग्रॅम ऐकायला काही वाटत नाही. पाठीवर झोपून हात वर करून धरा आणि दहा मिनिटांनी हातातून सुटून नाकावर पडू द्या, मग वाटतं. मांडीवर उशी, उशीवर कोपर, यंत्र छातीच्या उंचीला, एवढं केलं की मान आणि मनगट दोन्ही वाचतात. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं, तर त्या दिवशी थांबा. रेटून खेळलं की ते आठवडाभर पुरतं, आणि पोळ्या लाटताना कळतं.

रजईवर किंवा पोटावर ठेवून खेळू नका. मागच्या जाळीतून हवा आत जाते आणि वरून गरम बाहेर पडते, जाळी झाकली की पंखा किंचाळतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. बुटांच्या डब्यातल्या पुड्या मी साठवून ठेवते. पावसात भिजून घरी आलात, तर बॅगेतून काढल्या-काढल्या चार्जिंगला लावू नका, आधी पिनची जागा सुकू द्या.

मुलांच्या बाबतीत मी फार ज्ञान देणार नाही, माझंच अजून जमलेलं नाही. निंटेंडो आणि व्हॉल्व्ह, दोन्ही कंपन्यांच्या यंत्रांत पालकांसाठी वेळेची मर्यादा लावायची सोय आहे, निंटेंडोचं तर त्यासाठी वेगळं फोन ॲप आहे. पण माझ्या अनुभवात घड्याळापेक्षा 'ही फेरी संपली की बंद' हे मुलं जास्त ऐकतात. अर्ध्यात बंद करायला लावलं, तर आपल्यालाही राग येतोच की.

खेळणं थांबलं तर

कधीतरी मन उडतंच. दिवाळी, परीक्षा, घरातलं आजारपण, काहीही. यंत्र महिनोन्महिने पडून राहणार असेल, तर निम्मं चार्ज करून पूर्ण बंद करा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा जागं करून बघा. शून्यावर टाकून दिलेल्या बॅटरीचा भरवसा नाही. सहा महिने हात लागला नाही, तर मोह सोडा आणि विका. पुढचं मॉडेल यायच्या आधी विकलं, तर बरा भाव येतो. विकताना खातं काढा, यंत्र फॅक्टरी रिसेट करा, कार्ड स्वतःकडे ठेवा. खोका, आतले पुठ्ठे आणि बिल असेल, तर घेणारा कमी घासाघीस करतो.

माझा पहिला कन्सोल मात्र ऑनलाइन बंद असलेला, तो विकताना तसं सांगावं लागतं. सांगितलं की समोरचा फोन ठेवतो. म्हणून तो अजून कपाटात आहे, साड्यांच्या खाली. परवा लेकीने शोधून काढला आणि विचारलं, "आई, यात काय आहे?" चार्जरला लावला. अजून चालतो. आता बारा तास झालेत.